गेटवेचा दर नंतर, आधी पैशाचा मुक्काम

नागपूरच्या इतवारीत मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्यांची ऑनलाइन विक्री आधी विदर्भापुरतीच होती. आता सावजी मसाल्याच्या ऑर्डरी रायपूर, हैदराबाद आणि आखाती देशांतूनही येऊ लागल्या आहेत, त्यामुळे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवे, कोणता घ्यावा, असे ओळखीचे व्यापारी वरचेवर विचारतात. बहुतेकांची चौकशी कमिशनच्या टक्क्यांपासून सुरू होते. माझ्या मते, ग्राहकाने भरलेला पैसा आपल्या खात्यात येईपर्यंत कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या परवान्याखाली असतो, हे आधी विचारले पाहिजे.

रिझर्व्ह बँकेने 17 मार्च 2020 रोजी पेमेंट ॲग्रीगेटरसाठी, म्हणजे ग्राहकांचा पैसा गोळा करून व्यापाऱ्यांच्या खात्यात पोचवणाऱ्या गेटवे कंपन्यांसाठी, नियम जारी केले. त्यांनुसार अर्जाच्या वेळी 15 कोटी आणि पुढे 25 कोटी रुपयांचे नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) असावे लागते, आणि व्यापाऱ्यांचा पैसा स्वतःच्या चालू खात्यात न ठेवता शेड्यूल्ड बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कारणासाठीच पैसे काढता येतात अशा वेगळ्या खात्यात, ठेवावा लागतो. परवाना मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ती पाहताना विक्री प्रतिनिधी सांगतो ते ब्रँडचे नाव न शोधता करारावरील कंपनीचे नोंदणीकृत नाव शोधावे, आणि तत्त्वतः मंजुरीला अंतिम परवाना समजू नये. मोठ्या नावावर विसंबण्यात अर्थ नाही. जून 2020 मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही पेमेंट कंपनी 1.9 अब्ज युरोंचा हिशेब लागेना म्हणून कोसळली, तेव्हा ब्रिटनमध्ये तिच्या उपकंपनीच्या कार्डांवर अवलंबून असलेल्या लोकांचे पैसे काही दिवस अडकून पडले होते.

दुसरी पारख सेटलमेंट रिपोर्टची, म्हणजे गेटवेने आपल्या खात्यात जमा केलेल्या पैशाच्या तपशिलाची. नमुन्याचा रिपोर्ट मागून घ्यावा आणि त्यात प्रत्येक ऑर्डरसमोर मूळ रक्कम, कापलेले शुल्क, त्यावरील जीएसटी, परतावा आणि बँकेचा यूटीआर (त्या जमेचा ओळख) क्रमांक वेगवेगळा दिसतो का, ते पाहावे. दिवसाची एकच गोळाबेरीज येत असेल, तर महिनाअखेरीस हिशेबनीस रडकुंडीला येतो. यूपीआयवर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क, शून्य आहे, तरी काही गेटवे प्लॅटफॉर्म फी लावतात. ती लेखी विचारून घ्यावी. हंगामात कळमन्याच्या बाजारात भिवापुरी मिरची उचलायची असते तेव्हा अर्ध्या टक्क्याच्या सवलतीपेक्षा ठरल्या दिवशी खात्यात आलेला पैसा मोलाचा असतो, हे इथल्या कोणत्याही व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आखातातील ग्राहकासाठी नियम वेगळे आहेत. परदेशी व्यवहार हाताळणाऱ्या ॲग्रीगेटरसाठी रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2023 रोजी स्वतंत्र चौकट आणली आणि तेव्हा विकल्या-घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे 25 लाखांची कमाल मर्यादा ठेवली. मसाल्याला ती मर्यादा आड येत नाही. मात्र परकीय चलन जमा झाल्याचा दाखला वेळेवर मिळेल का, हे आधीच ठरवून घ्यावे, कारण निर्यातीच्या कागदपत्रांत तो लागतो.

करारातील 'होल्ड'चे कलम मात्र स्वतः शब्दन्‌शब्द वाचावे. नव्या राज्यातून अचानक ऑर्डरी वाढल्या, की संशयास्पद व्यवहार म्हणून रक्कम रोखली जाऊ शकते. ती किती दिवस रोखता येईल, कोणती कागदपत्रे दिल्यावर सुटेल आणि त्या काळात फोन कोण उचलेल, या तिन्हींची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय सही करू नये.