टन नको, आधी अंतर सांगा: आमची वाटचाल

शिरोली एमआयडीसीत क्रेन भाड्यानं मिळणं अवघड नाही. सकाळी चहाच्या गाड्यापाशी उभं राहिलं की दोन-चार हायड्रा, म्हणजे ओझं तोंडाशी लोंबवून चालणाऱ्या चाकांच्या क्रेन, रांगेत दिसतात आणि दर तिथंच उभ्याउभ्या ठरतो. आमची सुरुवातही तशीच. मी फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मेंटेनन्स फिटर होतो. पतसंस्थेचं कर्ज आणि सासऱ्यांची जामीनकी यांच्या जोरावर एक जुनी 12 टनी हायड्रा घेतली, हिशेबाची वही बायकोकडे दिली आणि धंदा सुरू झाला.

कोल्हापूर भागात या धंद्याला बाराही महिने काम असतं, फक्त त्याचं रूप बदलतं. फौंड्र्यांमध्ये मोल्डिंग बॉक्स, भट्टीचे भाग आणि नवीन आलेली मशीन उतरवणं वर्षभर चालू. साखर कारखान्यांचं उलटं. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम लागला की त्यांना क्रेनवाल्याची आठवण फक्त ब्रेकडाउनला होते. हंगाम संपला की मात्र मिल उघडतात, रोलर बाहेर येतात, टर्बाइनची झाकणं उचलायची असतात आणि सगळ्यांना सगळं पावसाच्या आत हवं असतं. घाईचे दिवस ते हेच.

आता '12 टनी' या भानगडीविषयी. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "बारा टनी आहे न्हवं? मग आठ टनाचं मशीन सहज उचलंल की." तर सहज उचलत नाही. 12 टन हा आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, आत घेतलेली असताना, ओझं क्रेनच्या नाकाशी असताना आणि जमीन सपाट व टणक असतानाचा आहे. ओझं जसजसं लांब जाईल तशी ताकद झपाट्यानं उतरते. बूम पूर्ण बाहेर काढली की तीच क्रेन दोन-तीन टनांवर येते. त्यात हायड्रा चालताना कमरेत मोडून वळते. वळली की तोलाची रेघ, जिच्यावरून क्रेन कलंडते ती, आत सरकते, त्यामुळे सरळ उभी असताना पेललेलं वजन वळणावर पेलेलच असं नाही. लोड चार्टमध्ये हे आकडे दिलेले असतात. पण जुन्या क्रेनच्या केबिनमधला चार्ट बहुतेक वेळा उन्हानं पांढरा पडलेला असतो, नाहीतर त्यावर गणपतीचं स्टिकर असतं. गणपती आमच्याही केबिनमध्ये आहे, फक्त दुसऱ्या बाजूला. म्हणून आम्ही फोनवर टन नंतर विचारतो. आधी विचारतो क्रेनच्या पुढच्या चाकापासून ओझ्याच्या मध्यापर्यंत अंतर किती, आणि किती उंच न्यायचं.

हे शहाणपण आमच्याकडे आलं ते काकांमुळं. काका मूळचे रत्नागिरीकडचे, उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत खलाशी म्हणून काढलेली. मुलीला इचलकरंजीत दिलेली, म्हणून इकडे आले आणि आमच्याकडे कामाला राहिले. त्यांना लिहिता-वाचता जेमतेम येई, पण हूक बघून सांगत, "ह्याचं तोंड वासलंय, काढून टाका." मापलं तर खरंच वाढलेलं असे. ऑपरेटरकडे एकाच माणसानं हात करायचा, दुसऱ्या कुणी 'हाबेस' (उचल) किंवा 'आर्या' (खाली सोड) ओरडलं तर क्रेन हलवायची नाही, ही त्यांची शिस्त. अपवाद एकच. 'थांब' हा इशारा कुणीही द्यावा, झाडूवाल्या मावशींनी दिला तरी क्रेन थांबली पाहिजे. पुढं मी हे पुस्तकात वाचलं तेव्हा नियम हाच होता.

दोराचा कोन त्यांनी मला खडूनं जमिनीवर काढून शिकवला. मला आकडे लागतात, म्हणून मी नंतर ते कागदावर मांडले, आणि तो कागद आजही आमच्या प्रत्येक गाडीत असतो. चार टनांचं ओझं दोन पायांच्या स्लिंगनं (ओझं हुकाला अडकवायचा दोर, साखळी किंवा बेल्ट) उचललं आणि स्लिंगचे पाय आडव्या रेषेशी 60 अंशात असले, तर प्रत्येक पायावर साधारण 2.3 टन ताण येतो. 45 अंशांवर तो 2.8 टन होतो. 30 अंशांवर थेट चार टन, म्हणजे अख्खं ओझं एकेका पायावर. छत खाली असलं, हूक वर जात नसला की माणसं आखूड स्लिंग लावून कोन पसरवतात आणि मग 'बेल्ट डुप्लिकेट होता' म्हणतात. बेल्ट चांगलाच असतो. तीन टनी पिवळ्या बेल्टला चार टन सोसायला लावलेले असतात. त्याच्यात सातपट सुरक्षेचा हिशेब असतो म्हणून तो बहुतेक वेळा निभावून नेतो, आणि निभावतो म्हणून सवय लागते. धारेवर घासलेला, उन्हात कुजलेला बेल्ट आला की मग तो हिशेब उरत नाही.

फौंड्रीत तर बेल्टचं वेगळंच दुखणं. पॉलिएस्टरचा बेल्ट साधारण 100 अंश सेल्सियसपर्यंतच वापरायचा असतो. साच्यातून काढलेलं कास्टिंग काळं पडलं की थंड वाटतं, पण आत दोन-तीनशे अंश सहज असतात. त्यामुळे फौंड्रीच्या कामाला आमच्या गाडीत साखळी वेगळी ठेवलेली असते. बेल्ट देणारच नाही म्हटल्यावर एका सुपरवायझर साहेबांना राग आला होता. त्यांनी स्टोअरमधून स्वतःचा बेल्ट मागवला. आमच्या माणसानं हूक वर घेतला आणि इंजिन बंद केलं.

त्या बंद केलेल्या इंजिनावर आमच्या धंद्याचा निम्मा इतिहास आहे. ऑपरेटर नाही म्हणाला की गिऱ्हाईक काय करतं? मालकाला फोन लावतं. "तुमचा माणूस नाटकं करतोय. गेल्या महिन्यात दुसऱ्यानं हेच उचललं होतं." मालक यार्डात बसलेला, त्याला ना जमीन दिसते ना तारा. समोर महिन्याचं बिल दिसतं. तो ऑपरेटरला म्हणतो, "बघ की जरा सांभाळून." माझ्या मते क्रेनच्या अपघातांमध्ये 'जरा सांभाळून' या दोन शब्दांचा वाटा तुटलेल्या दोरांपेक्षा मोठा असेल. आमच्या चलनावर म्हणून एक अट छापलेली आहे: उचल करायची नाही असं ऑपरेटरनं ठरवलं तर मालक ते बदलणार नाही, आणि क्रेन जागेवर आल्यापासूनचं भाडं लागेल. ही अट वाचून काही गिऱ्हाइकं गेली. एक मोठं गिऱ्हाईक गेलं तेव्हा घरात दोन दिवस शांतता होती, हे लपवण्यासारखं नाही. काही मात्र परत आली, आणि येताना नेमकी हीच अट त्यांच्या सेफ्टी खात्याला आवडली असं सांगत आली.

पण नुसती अट छापून भागत नाही. ऑपरेटरला खेपेवर भत्ता असेल तर तो नाही कसा म्हणेल? या धंद्यात पगार कमी आणि खेप-भत्ता जास्त अशी रीत आहे. दिवसात जेवढ्या उचली, तेवढी घरी रक्कम. अशा माणसाला सकाळी सुरक्षेचं भाषण द्यायचं आणि संध्याकाळी खेपा मोजायच्या, हे ढोंग झालं. आम्ही भत्ता मोडून पगारात घातला. पहिल्या वर्षी खेपा घटल्या, हप्ता भरताना ओढाताण झाली. दर थोडा वाढवला. मग हळूहळू वेगळंच दिसू लागलं: टायर, हूक ब्लॉक, बूमच्या आतल्या पट्ट्या जास्त टिकायला लागल्या. दुरुस्तीच्या खर्चातून बराच फरक भरून आला. रात्रपाळी करून आलेला ऑपरेटर दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसवायचा नाही, हेही त्याच सुमारास पक्कं झालं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला आणि शिरोलीजवळ हायवे बरेच दिवस बंद राहिला. पाणी ओसरल्यावर फोन थांबेनात. मोटारी, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, गाळात बसलेली मशीन. त्या दिवसांत दर कितीही मागता आला असता. अडचण जमिनीची होती. आमच्याकडची काळी माती पाणी प्यायल्यावर फुगते आणि मऊ पडते, वरून फरशी दिसत असली तरी खालचा भराव वाहून गेलेला असतो. जॅक लावून उभ्या राहणाऱ्या क्रेनचं तर आणखी वाईट: बूम ज्या कोपऱ्याकडे फिरेल त्या एका जॅकवर क्रेनचं आणि ओझ्याचं मिळून बहुतांश वजन येऊ शकतं. तेव्हापासून आमच्याकडे साल लाकडाचे जाड स्लीपर आणि लोखंडी प्लेटा यांचा स्वतंत्र टेम्पो आहे. त्याचं भाडं आम्ही वेगळं लावतो आणि त्यावरून वाद घालत नाही. प्लेटा नको असतील तर क्रेनही नको.

ओझं घेऊन चालताना हायड्राचा दुसरा धोका आहे, आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. ऑपरेटर बूमच्या मागे बसतो, ओझं समोर लोंबतं, आणि ओझं हलू नये म्हणून हेल्पर ते हातानं धरून पुढं चालतो. म्हणजे क्रेनच्या थेट तोंडाशी आणि ऑपरेटरला नीट न दिसणाऱ्या जागी. पाय अडखळला की संपलं. बऱ्याच मोठ्या साइटवर आता जुन्या पद्धतीची हायड्रा आतच घेत नाहीत. आमच्याकडे हेल्परनं ओझ्याला हात लावायचा नाही, दोरी लावून बाजूनं चालायचं. नवीन पोरांना ही दोरी लांबण लावणारी वाटते. काकांच्या जागी आता जो मुकादम आहे, तो अशा पोराला एकदा केबिनमध्ये बसवून समोर काय दिसतं ते बघायला लावतो.

2020 च्या 1 ऑगस्टला विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये नवीन क्रेन चाचणीच्या वेळी कोसळली आणि 11 जण गेले. 2023 मध्ये त्याच तारखेला, मध्यरात्रीनंतर, शहापूर तालुक्यात सरळांबे इथं समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळून 20 जणांचा मृत्यू झाला. आमच्या क्रेन त्या यंत्रांपुढं खेळणी आहेत. तरी त्या तारखेला यार्डात आम्ही काम उशिरा सुरू करतो. सगळ्या गाड्यांचे दोर, हूक, लिमिट स्विच त्या सकाळी उघडून बघतो. हूक वर आदळू नये म्हणून असलेला लिमिट स्विच तारेनं बांधून ठेवायची खोड या धंद्यात फार आहे. जुनी गाडी विकत घेताना मी इंजिनाच्या आधी तो स्विच बघतो. तो बांधलेला असला की बाकीच्या गाडीचं काय झालं असेल ते कळतं.

दोराचं साधं माप आहे: व्यासाच्या आठपट लांबीत तुटलेल्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त दिसल्या की दोर बाद. 20 मिलिमीटरचा, 216 तारांचा दोर असेल तर 160 मिलिमीटरमध्ये 21 च्या वर तुटलेल्या तारा चालत नाहीत. आम्ही तेवढी वाट बघत नाही, निम्म्यावरच बदलतो.

कागदांविषयी थोडं. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 29 सांगायचं की उचलण्याची यंत्रं, दोर, साखळ्या यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी. त्याच कलमात फिरत्या क्रेनच्या रुळाजवळ कुणी काम करत असेल तर क्रेन त्याच्या 6 मीटरच्या आत येऊ नये अशीही तरतूद होती. साखर कारखान्यात वर बल्ब बदलायला चढलेल्या माणसासाठी ती लाखमोलाची. तपासणीचा कागद मात्र क्रेन न बघताही मिळतो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्यांना आम्ही अर्धा दिवस ठेवून घेतो आणि जेवायला घालतो. चहा पिऊन सही करून निघणाऱ्याला पुन्हा बोलवत नाही.

आज यार्डात हायड्रांसोबत जॅकवाल्या मोठ्या क्रेनही आहेत, आणि थोरला मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून धंद्यात आलाय. तो मोठ्या उचलीचा आराखडा आधी कॉम्प्युटरवर काढतो, मग मुकादमाशी भांडतो, आणि दोघांचं जमलं की क्रेन निघते.

काम असेल तर फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: वजन (अंदाज नको, मशीनच्या पाटीवरचं), क्रेन जिथं उभी राहणार तिथून ओझ्यापर्यंतचं अंतर, न्यायची उंची, आणि उभं राहायच्या जागेचा फोटो. फोटोत वरच्या विजेच्या ताराही येऊ द्या. फोन शक्यतो आमची मंडळी, म्हणजे बायको, घेतात. त्या दर सगळ्यात शेवटी सांगतात.