उद्यमनगरचा दणका मेटलमध्ये कसा बसवायचा

मेटल बँडला इंडस्ट्रियलकडे, म्हणजे यंत्रांच्या आवाजांवर उभ्या संगीताकडे वळायचंय? सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) घेण्याआधी कोल्हापुरातलं वर्कशॉपांचं शिवाजी उद्यमनगर गाठा. वर्कशॉपवाल्याला विचारून लेथ, ग्राइंडर, पॉवर प्रेस रेकॉर्ड करा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पीक, म्हणजे सर्वात मोठा आवाज, उणे १२ डेसिबलच्या आत. प्रेसचा दणका नादखुळा असतो, पण लेव्हल चढी असली तर आवाज फाटतो, नंतर सुधारत नाही. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) चार बीटचा लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, बरोबर २ सेकंदांचा.

खरा घोळ खालच्या सुरांत होतो. ड्रॉप सी या उतरवलेल्या ट्यूनिंगमधली गिटारची जाड तार ६५ हर्ट्झला वाजते. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि सिंथ बेसही तिथेच. सगळा चिखल. गिटार १०० हर्ट्झखाली कापा. एकटी ऐकली तर पातळ वाटेल, वाटू दे. किक पडताना बेस ३-४ डेसिबल दबेल असा साइडचेन लावा.

लूपसोबत वाजवताना क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, फक्त ड्रमरच्या कानात. ड्रमरच नसेल तरी अडत नाही. गॉडफ्लेश या ब्रिटिश बँडने १९८८ मध्ये सुरुवातच ड्रम मशीनवर केली.