छातीत जळजळतंय म्हणून आलेले दादा

तासगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. नोव्हेंबरचा महिना होता, द्राक्षबागा फुलोऱ्यात आणि नेमका तेव्हाच पाऊस, त्यामुळे येणारा प्रत्येक जण दावण्या नाहीतर घडकुज या द्राक्षांवरच्या रोगांचंच बोलत होता. त्यात एक पंचेचाळिशीतले बागायतदार दादा त्यांच्या चुलतीला घेऊन आले. छातीत जळजळ, झोप नाही, जेवण जात नाही. ईसीजी, एंडोस्कोपी, सगळं बाहेर करून झालेलं आणि सगळं नॉर्मल.

मी सरळ विचारलं, दादा, गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागेनासं झालंय का? बराच वेळ खालीच बघत बसले, मग म्हणाले, "बागेत जाऊच वाटंना मॅडम." मग मी नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म घेतला. शेवटचा प्रश्न जीव द्यायचा विचार येतो का हा असतो, आणि तो विचारायला खूप जण घाबरतात, विचारल्याने डोक्यात भरेल म्हणून, पण तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते म्हणाले, "येतो की कधीकधी."

पण मानसोपचारतज्ज्ञ म्हटल्यावर गडी उठूनच उभा राहिला. मी काय येडा हाय का, पोरीला स्थळं बघायलोय, कुणी बघितलं तर, आणि त्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत न्हाईत म्हणं. मी सगळं समजावलं, या गोळ्यांची नशा लागत नाही, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, डॉक्टरच सावकाश कमी करून बंद करतात, 14416 या टेली-मानस हेल्पलाईनवर रात्रीअपरात्री सुद्धा मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. काही उपयोग नाही.

तेव्हा चुलती बोलल्या. "आरं, तुझा काका गेल्यापास्नं मी घेतीया की तीच गोळी. मिरजेला जाती ती काय गुडघ्यासाठी न्हवं."

अख्खी भावकी त्यांचे गुडघे दुखतात म्हणून समजत होती! दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग पहिला प्रश्न काय विचारला तर, "झोप येती का गं?" माझ्या इतक्या बोलण्यात त्यांनी हे मला एकदाही विचारलं नव्हतं. शिवाय मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनं पण पेशंट येतात, तिथं स्टँडवर दिसलं तरी कोण कशाला आलाय हे कुणी विचारत नाही, ते पण त्यांना पटलं.

त्या शेवटच्या प्रश्नाला ते हो म्हणाले होते, त्यामुळे मी उद्यावर ढकललं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला, वहिनींना बोलावून घेतलं, फवारणीची औषधं दादांच्या भावाकडे कुलपात ठेवायला सांगितली आणि दुपारीच तिघं मिरजेला गेले.

2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचाराविना राहतात असं निघालं होतं. आमच्या गावात यातली किती माणसं पित्ताच्या गोळ्या खात फिरत असतील या विचाराने मला खरंच त्रास होतो. म्हणून आता झोप आणि पित्ताच्या तक्रारीवाल्या प्रत्येकाला मी मनाचे दोन प्रश्न विचारतेच, लाईन कितीही मोठी असू दे.

दादा गोळ्या घेतायत, जेवण सुधारलंय, बागेत जातात. भावाला मात्र अजून पित्ताचा कोर्स चाललाय असंच सांगितलंय, आणि वहिनींनी मला पण तसंच सांगायला सांगितलंय. मी भावाला काहीच सांगत नाही, विचारलं तर म्हणते दादांनाच विचारा.