मामांचा टी४२

माझ्या मामांचा २००४ सालचा थिंकपॅड टी४२ लॅपटॉप गेली अकरा वर्षे त्यांच्या पुण्यातील घरी माळ्यावर पडून होता. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला, आणि मामी तो भंगारवाल्याला देणार तेवढ्यात मी मागून घेतला. चार्जर जोडल्यावर पडद्यावर १६१ आणि १६३ हे दोन क्रमांक उमटले. पहिल्याचा अर्थ आतील सीमॉस सेल, म्हणजे तारीख-वेळ व मूळ सेटिंग्ज जपणारा छोटा सेल, संपला, दुसऱ्याचा अर्थ तारीख-वेळ पुसली गेली. म्हणजे दुखणे वयाचे होते, जीवघेणे नव्हते.

हे यंत्र उघडताना ते घडवणाऱ्यांविषयी आदर वाटतो. कीबोर्ड ज्या स्क्रूंनी धरलेला असतो, त्यांच्या शेजारी तळावर कीबोर्डचे चिमुकले चित्र आहे. शिवाय कोणता भाग कोणत्या क्रमाने काढावा हे सचित्र सांगणारी आयबीएमची दुरुस्ती-पुस्तिका आजही मिळते. सेल साधा सीआर२०३२च, पण त्याला दोन वायरी आणि छोटा कनेक्टर असतो. अशा सेलवर थेट सोल्डरिंग करू नये, उष्णतेने तो फुटूही शकतो. म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून धातूच्या पत्त्या जोडलेला सेल आणला आणि जुन्या वायरी त्या पत्त्यांना डागल्या. पंख्यापाशी धुळीचा करडा थर नमद्यासारखा घट्ट बसला होता, तो चिमट्याने अखंड निघाला. प्रोसेसरवरची खडूसारखी कोरडी पडलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावली. जुन्या आयडीई जोडणीच्या हार्ड डिस्कमधील मामांचे फोटो आधी उतरवून घेतले आणि मगच तिच्या जागी ॲडॅप्टरवर बसवलेली एमसाटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली छोटी डिस्क, घातली.

त्यावर आता डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली चालते. या यंत्रातल्यासारख्या ३२ बिटी प्रोसेसरसाठी इन्स्टॉलर असलेली ती डेबियनची शेवटची आवृत्ती. आजची वजनदार संकेतस्थळे या यंत्राला पेलत नाहीत, परंतु इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळरचनेतून मराठी लिहिण्यासाठी याहून चांगला कीबोर्ड मला आजवर मिळालेला नाही. कळा खोल दाबल्या जातात, आणि जी, एच व बी यांच्या मधल्या ट्रॅकपॉइंट या छोट्या लाल बटणामुळे कर्सर हलवण्यासाठी हात उचलावा लागत नाही. ४:३ प्रमाणाच्या पडद्यावर मजकूर वहीच्या पानासारखा दिसतो. रात्री एफएन आणि पेज-अप दाबले की पडद्याच्या वरच्या कडेतला छोटा दिवा कळांवर उजेड पाडतो.

गेल्या रविवारी मामा घरी आले. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, तेव्हा पडद्याकडे पाहत असतानाच त्यांचे बोट त्या लाल ठिपक्यावर जाऊन टेकले.