काउंटरवरची वही आणि बटरचे हात

बेळगावात टिळकवाडीत मी आणि धाकट्या भावानं व्हिडिओ गेमचं रेस्टॉरंट काढलं, तेव्हा गिऱ्हाइकाचं मत कळावं म्हणून काउंटरवर एक वही ठेवली. दोन महिन्यांत ती भरली. 'छान.' 'खूप छान.' 'मस्त, परत येऊ.' वही वाचून छाती फुगायची, आणि बुधवारी संध्याकाळी आठातली सहा टेबलं रिकामी.

भाऊच एकदा म्हणाला, "दादा, तू समोर पेन घेऊन उभा राहतोस की. कोण लिहील खरं?"

वही उचलली. हात धुवायच्या बेसिनजवळ एक डबा ठेवला आणि बिलाबरोबर कोरी चिठ्ठी द्यायला लागलो. मराठीत आणि कन्नडमध्ये एकच प्रश्न : आज काय खटकलं? नाव लिहायचं नाही.

पहिल्या आठवड्यातच झोंबलं. एक कन्नड चिठ्ठी : 'सौंड भाळ ऐतरी.' म्हणजे आवाज फार आहे. दुसरी : 'बॉस फाइट म्हणजे व्हेज की नॉनव्हेज?' पदार्थांना गेमची नावं देताना आम्ही फार खूश होतो. १९८० सालच्या पॅक-मॅनमध्ये २५६व्या पातळीला पोचलं की अर्ध्या पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या आकड्यापुढं मोजायला गेममध्ये जागाच नाही. आमचं मेनूकार्ड गिऱ्हाइकाला पहिल्या पानापासून तसंच दिसत होतं. मग नाव बारीक केलं आणि पदार्थ काय आहे ते दोन्ही भाषांत ठळक छापलं.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या मात्र एकाच गोष्टीच्या : कंट्रोलर, म्हणजे गेम खेळताना हातात धरायची बटणांची यंत्रं, चिकट आहेत. कामाच्या पोराला सांगितलं, रोज फडकं मार. चिठ्ठ्या येतच राहिल्या. शेवटी एका शनिवारी मी कोपऱ्यात बसून नुसता बघत राहिलो. पावभाजी! कॉलेजची पोरं एक घास खातात, एक डाव खेळतात, पुन्हा घास. बटर थेट बटणांच्या फटीत. दोन कंट्रोलरची बटणं दाबली की वरच येत नव्हती. प्लास्टिकचे हातमोजे देऊन बघितले. ते घालून कुणाला खेळताच येईना, वर हसू झालं ते वेगळंच. मग पावभाजी बंद केली. आठवड्याच्या आत डब्यात अकरा चिठ्ठ्या, सगळ्या पावभाजीच्या बाजूनं.

पावभाजी परत आणली. आता नियम असा : ताट उचललं, हात धुतले, की कंट्रोलर काउंटरवरून मिळतो, तोही अर्ध्या तासासाठी. खेळताना काडीनं टोचून खायचं तेवढंच, पनीर टिक्का नाहीतर मंचुरियन. खाऊन झाल्यावर तासन्‌तास टेबल अडवून बसणंही यातच आपोआप कमी झालं, ते काही आमच्या डोक्यातून आलेलं नव्हतं.

एक चिठ्ठी जुन्या वळणाच्या अक्षरात होती : 'नातू खेळतो, मी भिंत बघते.' खिडकीजवळ एक टेबल बिनपडद्याचं केलं, तिथं कॅरम मांडला. रविवारी तो रिकामा मिळत नाही.

आवाज कमी केला तेव्हा भाऊ दोन दिवस गप्प होता. दणदणाट ही त्याची हौस. चौथ्या दिवशी डब्यात चिठ्ठी निघाली : 'आवाजच नाही, मजा गेली.' अक्षर ओळखीचं होतं.