०.२५ मोठं की ०.३?

मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे वार्षिक पाठांचा, म्हणजे बी.एड.च्या मुलांनी शाळेत खऱ्या वर्गावर शिकवून दाखवायच्या परीक्षेचा आठवडा. मी नागपुरात एका बी.एड. कॉलेजला गणित अध्यापन पद्धती शिकवते, चौदा वर्षं होतील आता, आणि दरवर्षी सूक्ष्म पाठ, सेतुपाठ, सराव पाठ, वार्षिक पाठ धरून इतके पाठ बघणं होतं की बरेचसे महिन्याभरात डोक्यातून पुसले जातात. हा एक मात्र वर्ष झालं तरी जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

त्या दिवशी माझ्या मागे दोन कामं होती. सकाळी सक्करदऱ्याकडच्या एका मनपा शाळेत पाठ परीक्षा, आणि संध्याकाळी पाचपर्यंत कॉलेजच्या वार्तापत्रासाठी 'प्राध्यापक वृत्त' आणि 'विद्यार्थी वृत्त' अशी दोन पानं तयार करून प्राचार्य मॅडमकडे द्यायची. प्राध्यापक वृत्त तयारच होतं, एका मॅडमचा पीएच.डी.चा व्हायवा झालेला, एक सर जूनमध्ये रिटायर होणार, दोघं रिफ्रेशर कोर्स करून आलेले. विद्यार्थी वृत्तात कोण टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झालं आणि कोणाचं पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारी शिक्षक भरतीतून, लागलं. मागच्या बॅचमधली एक मुलगी गडचिरोलीकडच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाली होती, तिचा फोटो आला होता मोबाईलवर, शाळेच्या पाटीसमोर उभी, मागे पावसाने काळी झालेली भिंत. तो फोटो मला छापायचाच होता.

या बातम्या आमच्याकडे किती महत्त्वाच्या असतात ते बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, म्हणजे पोरांचा एक वर्षाचा खर्च वाढला, त्यात आधी सीईटी, मग टीईटी, १५० पैकी ९० मार्क पाहिजेत, राखीव प्रवर्गाला थोडी सूट, मग भरतीसाठी पुन्हा वेगळी अभियोग्यता परीक्षा. त्यातच ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एड.वालेच. त्या आठवड्यात माझ्या वर्गात कोणी नीट बोलत नव्हतं, एक पोरगी नुसतीच म्हणाली, मॅडम, आमच्या गावची शाळा तर चौथीपर्यंतच आहे. म्हणून कोणाचं लागलं की आम्ही अख्खं कॉलेज पेढे खातो, तेव्हा ती पानं मी कधीच उरकून टाकत नाही.

तर सकाळी साडेसातला शाळेत पोचले. मार्चमध्येच ऊन असं की गाडीवर तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय निघता येत नव्हतं. बाहेरून आलेले परीक्षक सर आधीच आलेले होते, वयाने ज्येष्ठ, सगळी हयात शिकवण्यात गेलेली, शिस्तीचे म्हणून माहीत असलेले. सहावीचा वर्ग, चौतीस मुलं, आणि पाठ घेणारा भिवापूरकडचा पोरगा. नाव नाही सांगत. घरी मिरचीची शेती, हा रोज पहाटेच्या एसटीने नागपूरला यायचा आणि कॉलेजला कधी उशीर झाला नाही. अभ्यासात मधला. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेक कौशल्य धरून घ्यायच्या छोट्या पाठांत, मी त्याला प्रश्न कौशल्याचा पाठ दोनदा परत घ्यायला लावला होता. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे काय चुकलं ते सांगणं, बारा मिनिटं पुन्हा तयारी, परत सहा पाठ, सहा प्रत्याभरण, असं छत्तीस मिनिटांचं ते चक्र असतं आणि या पोराने ते दोनदा केलं होतं, कारण प्रश्न विचारला की उत्तर यायच्या आधी स्वतःच उत्तर सांगून मोकळा व्हायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घटक होता दशांश अपूर्णांकांची तुलना. पाठाचं टाचण मी आधी तपासलेलं होतं, छान होतं, आणि साहित्य तर फारच मनापासून केलेलं. एका कार्डबोर्डवर सेलोटेपने खरी नाणी चिकटवून आणली होती, आजीच्या पेटीतून शोधून. एका बाजूला पंचवीस पैशाचं एक नाणं, त्याखाली ०.२५, दुसऱ्या बाजूला दहा पैशाची तीन, त्याखाली ०.३. मुलांनी नाणी बघायची, तीस पैसे जास्त म्हणायचं, म्हणजे ०.३ मोठं, की झालं. टाचण तपासताना मी त्यावर 'उत्तम' लिहिलं होतं. मीच.

पूर्वज्ञान झालं, उद्देशकथन झालं, गुंडाळफळ्यावर दोन संख्या लिहिल्या, ०.२५ आणि ०.३, मोठी कोणती? सगळा वर्ग एका सुरात, पंचवीस! पहिल्या बाकावरचा एक पोरगा तर उभाच राहिला, म्हणे, "सर पंचवीस मोठे ना, तीन तं लहान हाये." हे अपेक्षितच होतं, पॉइंटनंतरचा आकडा मुलं साध्या संख्येसारखा वाचतात, मोठमोठी माणसं वाचतात. मग याने नाण्यांचा बोर्ड वर केला.

आणि वर्ग नाण्यांवर तुटून पडला. "सर हे कुठचे पैसे?" "सर हे खेळायचे आहेत का?" एकाने हात लावून बघितलं, दुसरा म्हणाला याच्यावर गेंडा आहे. याने सांगितलं की हे चार आणे, पंचवीस पैसे. कोणाच्याच चेहऱ्यावर काही उमटलं नाही. चार आणे २०११ च्या जूनपासून चलनातून बंद झालेत, ही मुलं त्यानंतर जन्मलेली. त्यांच्यासाठी रुपया हाच सगळ्यात लहान पैसा आहे, आणि रुपयाचेही पुढे भाग होतात हे त्यांनी फक्त पुस्तकात वाचलेलं. माझ्या पोटात गोळा आला. वीस वर्षांपूर्वीचं उदाहरण मी 'उत्तम' म्हणून पास केलं होतं आणि आता तो पोरगा परीक्षेत एकटा उभा होता.

इथे बहुतेक छात्राध्यापक काय करतात ते मला पाठ आहे. 'बरोबर उत्तर ०.३ आहे, लक्षात ठेवा, मागे शून्य लावा आणि तुलना करा', आणि पुढच्या पायरीवर. पाठ वेळेत पूर्ण होतो, मार्क पडतात. याने बोर्ड खाली ठेवला, पालथा. रुमालाने मान पुसली. आणि त्या पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "तू पंचवीस म्हणाला. पंचवीस काय?" पोरगा गप्प. हाही गप्प. मी घड्याळ बघितलं नाही पण बराच वेळ गेला, मागे कोणीतरी बाक सरकवला, परीक्षक सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आणि हा थांबला होता. जो पोरगा सूक्ष्म पाठात दोन सेकंद थांबू शकत नव्हता तो परीक्षेच्या पाठात थांबला होता.

मग मागून एक पोरगी बोलली, उभं न राहता, "सर, माही माय भाजी विकते ना बुधवार बाजारात, काट्यावर पाव टाकलं तं झिरो पॉइंट दोन पाच झिरो येते. अन् तीनशे ग्राम टाकलं तं झिरो पॉइंट तीन झिरो झिरो येते. तं तीनशेच जास्त होते."

त्याचा चेहरा एकदम बदलला. घरी मिरची मोजणारा माणूस तो, त्याला काटा माहीत! "काट्यावर अजून काय काय येतं?" म्हटल्यावर वर्ग सुटलाच, अर्धा किलो म्हणजे पॉइंट पाच, पाऊण म्हणजे पॉइंट सात पाच, सव्वा म्हणजे एक पॉइंट दोन पाच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, हे सगळं त्या मुलांच्या तोंडात होतंच, रोजचं होतं, फक्त गणिताच्या तासाला कोणी बाहेर काढायला लावलं नव्हतं. माझ्या तासालाही नाही.

आणि मग तो पहिल्या बाकावरचा पोरगा परत उठला. "पण सर, हे मागचे झिरो आले कुठून? तुम्ही तं नुसतं तीन लिहिलं."

हा प्रश्न मी बी.एड.च्या वर्गात विचारते तेव्हा पदवी झालेली मुलं खाली बघतात. याने त्याला बसवलं नाही. इकडे ये म्हणाला, खडू त्याच्याच हातात दिला, फळ्यावर एक लांब पट्टी काढायला लावली, तिचे दहा भाग, त्यातले तीन रंगवले. आता एकेका भागाचे आणखी दहा. पोरगा रेघा मारत बसला, वाकड्यातिकड्या, काही ठिकाणी नऊच भाग झाले तर बाकीची मुलं ओरडून सांगायची एक राहिला, एक राहिला. तीनाचे तीस झाले. "वाढले का रे?" "नाही सर, तेवढेच हाये. फक्त बारीक झाले." आणि बेल झाली. उपयोजन नाही, मूल्यमापन नाही, गृहपाठ नाही. तो फळ्याकडे वळला, घाईघाईत खाली ०.४ आणि ०.३५८७ लिहिलं, मुलांना म्हणाला हे पुसू नका, आणि बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटलेला होता.

स्टाफरूममध्ये परीक्षक सर स्पष्ट बोलले. पाठ अपूर्ण, टाचण सोडलं, साहित्य फसलं, फलक लेखन अस्ताव्यस्त. निरीक्षण तक्त्यात यातल्या प्रत्येकाला रकाना आहे, आणि त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं, उद्या याला शाळेत पस्तीस मिनिटांचे तास आणि संपवायचा सिलॅबस असणारच आहे. मी म्हटलं सर, साहित्य फसलं त्यात माझी सही आहे, ती चूक माझ्या नावावर घ्या, पण मूल चुकल्यावर शिक्षक त्याच्या चुकीपाशी थांबला याला रकाना कुठे आहे? माझा आवाज जरा चढला होता. सर काही बोलले नाहीत, चहा घेतला, आणि मग एक असा मुद्दा काढला की मी गप्पच झाले. म्हणाले, "मॅडम, त्या मुलीने तीनशे आणि अडीचशेचीच तुलना केली ना? ग्रामच मोजले तिने. म्हणजे पुन्हा पूर्ण संख्याच. दशांश तिला कळला हे तुम्ही कशावरून म्हणता?"

खरं होतं ते. काट्यावर तीन आकडे ठरलेलेच येतात, मुलं ते ग्राम म्हणून वाचतात. मी आनंदात वाहून गेले होते.

सरांनीच पोराला आत बोलावलं आणि हेच विचारलं. तो म्हणाला, "हो सर, ते लक्षात आलं होतं, म्हणून तर झिरोचा प्रश्न आला तेव्हा पट्टीवर नेलं. आणि म्हणूनच जाताना ०.४ आणि ०.३५८७ लिहून आलो. काट्यावर चार आकडे येतच नाहीत ना सर, तिथे ग्राम कामाला येणार नाहीत, मग त्यांना पॉइंटच्या बाजूचा आकडा बघावाच लागेल." सर त्याच्याकडे बघत राहिले. मग आपला कागद पुढे ओढला आणि आधी लिहिलेलं काहीतरी खोडलं. मार्क किती पडले ते सांगणं योग्य नाही, पण ते खोडताना मी बघितलं.

दुपारी कॉलेजला येऊन वार्तापत्राची पानं पूर्ण केली. विद्यार्थी वृत्तात टीईटी, पोर्टल, गडचिरोलीचा फोटो, आणि शेवटी दोन ओळी मी घातल्या: 'गणित पद्धतीच्या एका छात्राध्यापकाने वार्षिक पाठात ठरलेलं टाचण बाजूला ठेवून सहावीच्या मुलांच्या चुकीच्या उत्तरावर अख्खा तास काम केलं.' प्राचार्य मॅडमनी वाचलं आणि विचारलं, यात बातमी काय आहे? मग मी सगळं सांगितलं, नाणी, काटा, झिरो, पट्टी, पंधरा मिनिटं तरी गेली असतील, त्यांनी मध्ये एक फोन आला तो कट केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मग ०.४ आणि ०.३५८७ चं काय झालं?"

मला माहीतच नव्हतं. त्यांच्यासमोरच पोराला फोन लावला, तो परतीच्या एसटीत होता, उमरेड रोडला, मागे कंडक्टरचा आवाज येत होता. "मॅडम, उद्या परत येतो म्हणून सांगून आलोय. हेडमास्तर पहिला तास देतो म्हणाले." मॅडमनी त्या दोन ओळी तशाच ठेवल्या, फक्त 'सहावीच्या' पुढे शाळेचं नाव घाला म्हणाल्या, तिथल्या शिक्षकांनाही बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी मीही गेले, निरीक्षण तक्ता न घेता, मागच्या बाकावर बसले. फळा कोणी पुसला नव्हता. त्याने प्रत्येकाला वहीत उत्तर लिहायला लावलं, बोलायचं नाही. चौतीसपैकी दोघं आले नव्हते, एकवीस जणांनी ०.४ लिहिलं, अकरा जणांनी ०.३५८७. पहिल्या बाकावरचा पोरगा एकवीसांत होता, का म्हणून विचारलं तर फळ्यावर जाऊन आदल्या दिवशीच्या त्याच वाकड्या पट्टीवर बोट ठेवलं, "इथपर्यंत चार भाग होते. हे तीन भाग अन् थोडंसं. थोडंसं कितीबी बारीक कापलं तरी चौथा भाग पुरा नाही होत." भाजीवाल्या बाईंची पोरगी मात्र अकरांमध्ये होती. ती म्हणाली, सर, काट्यावर असं येतच नाही.

तो तिच्या बाकाजवळ खाली बसला, तिची वही घेतली आणि पट्टी काढायला लागला. तास संपला तेव्हा अकराचे सहा उरले होते, ती त्या सहांमध्येच. हेडमास्तर दारात उभे होते, कधीपासून ते माहीत नाही. सोमवारी पण पहिला तास रिकामा आहे म्हणाले.