ट्युबा घेऊन विमानप्रवास : माझा अनुभव

विमानाने ट्युबा, म्हणजे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, न्यायचं ठरलं तेव्हा जो तो म्हणाला, मजबूत हार्ड केस घे. ते खरंच आहे, पण वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांनी सांगितलेली गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. ते म्हणाले, ट्युबा बाहेरच्या मारापेक्षा स्वतःच्या वजनानेच जास्त खराब होतो. केस आपटली की ती जागीच थांबते, आतलं दहा-एक किलोचं पितळ मात्र पुढे जातं. मग बेलची, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाची, कड मुडपते, खालच्या वळणाला पोचा पडतो, आणि व्हॉल्व्हला, म्हणजे सूर बदलायच्या झडपांना, जरासा ताण बसला तरी त्यांतले पिस्टन अडकायला लागतात.

म्हणून पॅकिंगला मी अख्खी संध्याकाळ दिली. केस बंद करायची, उभी-आडवी हलवून बघायची, आत काही सरकलं की परत उघडायची. बेलमध्ये टॉवेल आणि स्वेटर ठासून भरले, कडेभोवती फोमची जाड पट्टी लावली. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंनाही भरण घातलं, पण त्यांच्यावर दाब येणार नाही असं. केसमध्ये सुटं काही ठेवलं नाही; माउथपीस हातातल्या बॅगेत गेला. व्हॉल्व्ह ऑइल नेलंच नाही. त्यातली काही तेलं ज्वलनशील असतात, त्यामुळे ते मुक्कामी पोहोचल्यावरच घेतलं.

तिकिटाआधी विमान कंपनीला फोन केला. नेहमीच्या बॅगेला लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण 158 सेंमीची मर्यादा असते, त्यात ट्युबाची केस बसणं अशक्य. 32 किलोच्या वर वजन गेलं तर बऱ्याच कंपन्या बॅग म्हणून घेतच नाहीत. मापं आणि वजन सांगून बुकिंगवर नोंद करून घेतली आणि ती लेखी मागवली. विमान कोणतं, हेही विचारलं, कारण छोट्या विमानाच्या सामानकक्षाचं दारच लहान असतं. मधल्या टप्प्याला तसं विमान होतं, म्हणून ते तिकीट सोडून दुसरं घेतलं.

मला सर्वात जास्त धास्ती होती ती तपासणीची. केस आपल्यामागे उघडली जाते आणि भरण जसं होतं तसं परत लागेलच असं नाही. मी झाकणाच्या आत पॅकिंगचे मोठे फोटो चिकटवले होते, कोणता टॉवेल कुठे ते दाखवणारे. तरीही पोहोचल्यावर बघतो तर फोमची पट्टी तळाशी गोळा होऊन पडलेली, आणि बेलच्या कडेला अंगठ्याएवढा पोचा.

हे तिथेच कळलं, कारण केस मी मोठ्या सामानाच्या दाराशीच उघडली होती. तुम्हीही विमानतळाबाहेर पडण्याआधी उघडाच. फोटो काढले, बॅगेज काउंटरवर नुकसानीचा अहवाल लिहून त्याची प्रत घेतली. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून 7 दिवसांच्या आत द्यावी लागते, तीही लगेच दिली. त्या कराराखाली सामानाच्या भरपाईची मर्यादा डिसेंबर 2024 पासून प्रतिप्रवासी 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. चांगला ट्युबा त्याहून कितीतरी महाग. म्हणून वाद्याचा वेगळा विमा निघण्याआधीच काढून ठेवला होता.

पिस्टन मात्र सगळे मोकळे चालत होते, आणि त्याच संध्याकाळी मी तालमीला बसलो. पोचा परतल्यावर त्याच कारागिरांनी काढून दिला.